केळ्यावरची माशी, तीन तापमानं आणि पिढ्यांचा हिशेब

पिकलेली केळी दोन दिवस ओट्यावर राहिली की त्यांच्याभोवती बारीक, तांबड्या डोळ्यांच्या माशा फिरू लागतात. घरात त्यांना आपण सरसकट चिलटं म्हणतो. शास्त्रातलं नाव ड्रोसोफिला. ‘फळमाशी’ हा शब्द मी जपून वापरते, कारण कोकणातल्या बागायतदाराला त्या शब्दाने आंब्यात अंडी घालणारी, घरमाशीएवढी बॅक्ट्रोसेरा आठवते. तिच्यासाठी झाडाला रक्षक सापळे टांगावे लागतात. आपली माशी जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि ती येते आंबू लागलेल्या फळावरचं यीस्ट खायला.

बी.एस्सी.च्या मुलांकडून मी या माशीवर दर वर्षी एक प्रयोग करून घेते: तापमान बदललं की तिची वाढ आणि तिचं आयुष्य कसं बदलतं ते मोजायचं. खर्च थोडा येतो आणि फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. पण वह्या तपासताना एक वाक्य हमखास सापडतं: ‘थंडीत माशी मोठी झाली, म्हणजे तिची उत्क्रांती झाली.’ इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. थंडीत वाढलेली माशी सावकाश वाढते, आकाराने मोठी होते, जास्त दिवस जगते. हे तापमानाने त्या एका माशीच्या शरीरावर केलेलं काम. तिची अंडी परत २५ अंशांत ठेवा, एक-दोन पिढ्यांत सगळं पूर्वीसारखं होतं. उत्क्रांती म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या जाताना वंशातच पडलेला फरक, आणि त्या फरकाची दिशा कधी कधी अगदी उलटी निघते. हा लेख नवशिक्यांसाठी आहे. आधी पहिली गोष्ट स्वतःच्या हाताने मोजायची, मग दुसरीकडे वळायचं, असा क्रम ठेवला आहे.

माशी मिळवणं

काचेच्या बरणीत जास्त पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवा, तोंडावर कागदाचा शंकू बसवा, त्याचं टोक पेन्सिल जाईल एवढं उघडं ठेवा. माशा आत जातात, बाहेरची वाट त्यांना सापडत नाही. पावसाळ्याच्या शेवटी एका दिवसात पंधरा-वीस सहज मिळतात.

मात्र आपल्याकडे एका बरणीत तीन-चार जाती सापडू शकतात. पाठीवर लांब पांढरे पट्टे दिसले तर ती झाप्रिओनस, ती बाजूला काढा. बाकीच्यांतल्या माद्या एकेक करून वेगळ्या बाटलीत टाका. रानात पकडलेली मादी बहुधा आधीच नराशी जुळलेली असते, त्यामुळे एका बाटलीतली सगळी पिल्लावळ एकाच आईची, म्हणजे एकाच जातीची. मग त्या पिल्लावळीतले नर पाहा. आपल्याला हवी असलेली जात मेलॅनोगास्टर; तिच्या नराच्या पोटाचं शेवटचं टोक गोल आणि चकचकीत काळं असतं, पुढच्या पायांवर भिंगातून पाहिलं की फणीसारखे काळे केस दिसतात. मादीचं पोट टोकदार आणि पट्ट्यांचं.

पहिल्याच प्रयोगाला घरची माशी घेऊ नका, हा माझा सल्ला. जात ओळखण्यातच महिना जातो. ज्या कॉलेजात किंवा संस्थेत माशा पाळतात तिथून ओळखीचा वाण मागून घ्या. मैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाच्या जाती सांभाळणारं केंद्र आहे, बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) माशांची मोठी सुविधा आहे, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही यांवर काम चालतं. तुमच्या प्राध्यापकांनी रीतसर पत्र लिहिलं तर मदत मिळण्याची शक्यता चांगली.

खाणं शिजवणं

एक लिटर पाणी, १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर पावडर, साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात अगर घालून उकळी आणा, मग रवा सोडत सतत ढवळा. शिरा करणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही: गुठळी होऊ द्यायची नाही आणि तळाला लागू द्यायचं नाही. मिश्रण गॅसवरून उतरवून बोट लावता येईल इतपत, म्हणजे ६० अंशांच्या आसपास निवलं की मगच आम्ल घाला. उकळत्यात घातलं तर ते वाफेबरोबर उडून जातं आणि चार दिवसांत बुरशी धरते. वास उग्र असतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

नळ्यांमध्ये बोटाच्या एका पेराएवढं ओता. एवढ्यात शंभरेक नळ्या होतात. निवेपर्यंत वर मलमलचं फडकं टाका, नाहीतर खोलीतली कुठली तरी माशी आधीच अंडी घालून जाते आणि मग आठवडाभराने तुमच्या मोजणीत ती पाहुणी मिसळते. काचेवर पाण्याचे थेंब दिसत असतील तर एक रात्र तशाच राहू द्या. ओल्या काचेला माशी पंखाने चिकटते आणि मरते. शेवटी वर चिमूटभर यीस्ट भुरभुरवा आणि कापसाचा घट्ट बोळा बसवा.

तीन तापमानं

१८, २५ आणि २९ अंश सेल्सिअस. २५ हे या माशीच्या प्रयोगशाळेतलं नेहमीचं घर. १८ ला ती सुखाने जगते, फक्त सावकाश. २९ च्या वर जाऊ नका: ३० अंशांत वाढलेले नर वांझ निघतात, आणि त्याच्याही वर अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवासच पुरा होत नाही. खालच्या बाजूला १२ अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. म्हणून बिनएसीच्या खोलीत हा प्रयोग एप्रिल-मेमध्ये सुरू करायचाच नाही. जून-जुलैत सुरुवात करा.

कॉलेजात बीओडी इनक्युबेटर, म्हणजे ठरवलेलं तापमान राखणारं कपाट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर २९ साठी थर्माकोलच्या खोक्यात पाण्याचा टोप, त्यात फिश टँकचा हीटर, आणि पाण्यात अर्ध्या बुडतील अशा नळ्या. १८ साठी दुसऱ्या खोक्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. हे काम कष्टाचं आहे आणि तापमान दोन-तीन अंश खाली-वर होतं, पण शिकण्यापुरतं चालतं. प्रत्येक खोक्यात वाटीभर पाणी ठेवा, म्हणजे हवा कोरडी पडणार नाही.

आणि प्रत्येक खोक्यात कमाल-किमान तापमापी. याबाबत मी फार आग्रही आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे वीज गेली आणि १८ अंशांचं खोकं दीड दिवस २७ अंशांवर राहिलं. परत आलो तेव्हा वीज आली होती, पारा पुन्हा १८ वर होता, सगळं जागच्या जागी दिसत होतं. फक्त तापमापीच्या ‘कमाल’ खुणेने खरं सांगितलं. तीन आठवड्यांचं काम टाकून द्यावं लागलं. ती खूण नसती तर आम्ही चुकीचे आकडे खरे मानून पुढे गेलो असतो.

तापमानाच्या अशाच एका गफलतीतून या माशीने जीवशास्त्राला मोठी गोष्ट दिली आहे. फेरुच्चिओ रितोस्सा या इटालियन शास्त्रज्ञाच्या इनक्युबेटरचं तापमान सहकाऱ्याने नकळत वाढवलं होतं. अळीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं पाहताना रितोस्साला त्यांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे दिसले. उष्णतेमुळे ठरावीक जनुकं जागी होत होती. १९६२ साली त्याने ते प्रसिद्ध केलं, आणि उष्णतेच्या धक्क्यात पेशीतली प्रथिनं सावरून धरणाऱ्या प्रथिनांची सगळी कथा तिथून सुरू झाली. तापमान वाढल्याचं रितोस्साच्या लक्षात आलं, ते त्याने नोंदवलं, म्हणून त्या फुगवट्यांना अर्थ आला.

अंडी मोजून घ्या

चार-पाच दिवसांच्या, यीस्टवर पोसलेल्या माशा ताज्या खाण्यावर चार तासच सोडा आणि काढून घ्या. आता सगळी अंडी जवळजवळ एकाच वयाची. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, तांदळाच्या कणीसारखं पांढरं, आणि एका टोकाला होडीच्या वल्ह्यांसारखे दोन तंतू. ते तंतू खाण्याच्या वर राहतात आणि त्यांतून अंडं श्वास घेतं. ओल्या बारीक ब्रशने अंडी उचला, काळ्या कागदाच्या पट्टीवर मोजा आणि प्रत्येक नळीत बरोबर ४० टाका. प्रत्येक तापमानाला पाच नळ्या, म्हणजे एकूण ६०० अंडी. डोळे दुखतात, पण ही पायरी गाळू नका.

का, ते सांगते. नळीत गर्दी झाली की अळ्यांना खाणं पुरत नाही, वाढ लांबते आणि माशा बारक्या निघतात. गर्दीने लांबलेली वाढ आणि थंडीने लांबलेली वाढ नुसत्या दिवसांच्या आकड्यावरून वेगळी ओळखता येत नाही. गर्दी सगळीकडे सारखी असेल तरच फरक तापमानाच्या खात्यावर टाकता येतो.

वाढीची नोंद

२५ अंशांत अंडं एका दिवसात फुटतं. अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात: पहिल्या दोन साधारण एकेक दिवसाच्या, तिसरी दोन दिवसांची. मग ती खाणं सोडून काचेवर चढते, स्थिर होते, तपकिरी कोष बनतो. चार-साडेचार दिवसांनी माशी बाहेर. एकूण दहा दिवसांच्या आतबाहेर.

हा क्षण एकदा तरी भिंगाखाली पाहाच. निघण्याआधी कोषातून तांबडे डोळे आणि काळे दुमडलेले पंख दिसू लागतात. मग कपाळावर एक पांढुरकी पिशवी फुगते आणि कोषाचं झाकण ढकलते. माशी पायांनी स्वतःला ओढत बाहेर येते तेव्हा ती फिकट, लांबट, मऊ असते, पंख चुरगळलेल्या कागदासारखे. काही मिनिटं ती भिंतीवर भरभर चालते, मग थांबते आणि पंख हळूहळू पसरत जातात. दोन-तीन तासांत रंग चढतो.

माशा बहुतेक पहाटे-सकाळी निघतात. शरीरातलं घड्याळ ती वेळ ठरवतं, म्हणून तिन्ही खोक्यांना दिवसाउजेडाचं वेळापत्रक सारखंच हवं. मोजणी रोज ठरल्या वेळी करा, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, आणि निघालेल्या माशा नर-मादी वेगळ्या करून लिहा. माद्या नरांच्या काही तास आधी निघतात, त्यामुळे दोघांचे आकडे एकत्र करू नका.

१८ अंशांत हाच प्रवास साधारण १९ दिवसांचा होतो, २९ ला साधारण ८ दिवसांचा. आता एक हिशेब करा, मुलांना तो फार आवडतो. १० अंश हा वाढीचा तळ माना. त्याच्या वरचे अंश आणि लागलेले दिवस यांचा गुणाकार करा. २५ ला १५ गुणिले १० म्हणजे १५०. १८ ला ८ गुणिले १९ म्हणजे १५२. २९ ला १९ गुणिले ८, पुन्हा १५२. म्हणजे माशीला पुरी व्हायला दिवस किती हे ठरलेलं नाही, उष्णतेची पुंजी किती हे ठरलेलं आहे. पिकांवरच्या किडींची पुढची पिढी कधी येणार याचा अंदाज कृषी शास्त्रज्ञ याच रीतीने बांधतात. दोन्ही टोकांना, फार थंडीत आणि फार उन्हात, हा गुणाकार मोडतो. मधल्या पट्ट्यात मात्र तुमच्या स्वतःच्या आकड्यांवर तो बसतो का, ते पाहा.

शेजारी शेजारी ठेवून १८ आणि २९ च्या माद्या बघा. १८ ची ठळकपणे मोठी, पंख लांब, पोटावरचे काळे पट्टे रुंद. सावकाश वाढली म्हणून नुसती जास्त खाऊन मोठी झाली असं वाटतं, पण थंडीत तिच्या पेशीच मोठ्या होतात. पंख काढून काचपट्टीवर ठेवा आणि मोजा. वहीत मोजलेला पंख असेल तर ‘मोठी दिसली’ असं लिहावं लागत नाही.

आयुष्य मोजणं

इथे नवशिके एक चूक करतात: १८ ला वाढलेल्या माशा १८ ला ठेवतात, २९ ला वाढलेल्या २९ ला, आणि मग आयुष्याची तुलना करतात. त्यात अळीपणीचं तापमान आणि मोठेपणीचं तापमान दोन्ही मिसळतात. सगळ्या माशा २५ ला वाढवा, निघाल्या की एका दिवसाच्या आत तीन तापमानांत वाटा.

नर आणि माद्या वेगळ्या ठेवा. जुळण्याने मादीचं आयुष्य घटतं, नराच्या वीर्याबरोबर येणारी प्रथिनं त्याला कारणीभूत असतात. २५ अंशांत निघालेली मादी पहिले आठ तास जुळत नाही, तेवढ्या वेळात वेगळी करा. एका नळीत दहा माशा, प्रत्येक तापमानाला प्रत्येक लिंगाच्या दहा नळ्या. दर दोन-तीन दिवसांनी ताज्या खाण्याच्या नळीत पलटवा: जुनी नळी टेबलावर हलकेच आपटायची, बोळा काढायचा, तोंडाला तोंड लावायचं, उलटी करायची. ईथर किंवा बर्फ वापरू नका, वारंवारच्या गुंगीनेही आयुष्य बदलतं. तिन्ही तापमानांना वेळापत्रक एकच. मेलेल्या माशा मोजून लिहा. निसटलेली माशी मेलेल्यांत धरू नका, तिची नोंद वेगळ्या रकान्यात हवी, नाहीतर आयुष्य आहे त्यापेक्षा कमी दिसेल. खाण्यात रुतून मेलेलीही वेगळी लिहा.

२५ ला चांगल्या वाणाच्या माशा साधारण दीड-दोन महिने जगतात, २९ ला महिनाभराच्या आसपास, १८ ला तीन महिने आणि वर. सरासरीपेक्षा ‘अर्ध्या माशा कितव्या दिवशी मेल्या’ हा आकडा घ्या, आणि रोज किती टक्के जिवंत आहेत याचा आलेख काढा.

जॅक लोब आणि जॉन नॉर्थ्रप या शास्त्रज्ञांनी १९१७ मध्ये हेच मोजलं होतं. तापमान १० अंशांनी वाढवलं की रासायनिक क्रिया दोन-तीनपट वेगाने होतात, आणि माशीचं आयुष्य तितक्याच पटीने आखूड होतं असं त्यांना दिसलं. १९२८ मध्ये रेमंड पर्लने त्यावर मोठी कल्पना उभी केली: जगण्याचा वेग जितका जास्त, तितकं आयुष्य कमी. कल्पना सुटसुटीत आहे, पण ती तिथेच संपत नाही. २००३ मध्ये लिंडा पार्ट्रिज यांच्या गटाने वयाच्या मध्यावर माशा एका तापमानातून दुसऱ्यात हलवल्या. गरम तापमानातून थंडीत आलेल्या माशा थंडीच्या वेगाने म्हाताऱ्या होऊ लागल्या, पण आधीच्या उष्णतेत झालेली झीज त्यांच्याबरोबरच राहिली. भरपेट खाण्यावरून कमी खाण्यावर आणलेल्या माशांचं उलट: दोन-तीन दिवसांतच त्यांचा मृत्युदर आयुष्यभर कमी खाणाऱ्यांइतका झाला, जणू मागचं काही घडलंच नाही. दोन्ही उपायांनी आयुष्य लांबतं, पण लांबण्याची रीत वेगळी. तुमच्याकडे नळ्या जास्त असतील तर तिसाव्या दिवशी २५ च्या काही माशा १८ ला हलवा आणि आलेख कुठे वळतो ते बघा. माझ्या मते हा सगळ्या प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

आता पिढ्या

इथवर जे झालं त्यात वंश बदललेला नाही. वंश बदलायचा तर निवड हवी, आणि निवडीला पिढ्या हव्यात.

सर्वांत गाजलेला प्रयोग साधा आहे. मायकेल रोझ यांनी माशांचे दोन प्रकारचे गट पाळले. एकात १४ दिवसांची पिढी, म्हणजे तरुण माशांचीच अंडी पुढे न्यायची. दुसऱ्यात म्हाताऱ्या माशांनी घातलेली अंडीच घ्यायची, आणि ते वय पिढ्यांबरोबर वाढवत न्यायचं. १९८४ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले, त्याच वर्षी लिओ लकिनबिल आणि सहकाऱ्यांचे स्वतंत्र निष्कर्षही आले. दोन्हीकडे उतारवयात अंडी देणाऱ्यांचा वंश दीर्घायुषी झाला, आणि तरुणपणी तो अंडी कमी घालू लागला. रानात माशी म्हातारी व्हायच्या आधीच कोळ्याच्या जाळ्यात सापडते किंवा उपाशी मरते. म्हातारपणी अपाय करणारं जनुक तरुणपणी अंडी वाढवत असेल तर ते टिकून राहतं. पीटर मेडावर आणि जॉर्ज विल्यम्स यांनी १९५० च्या दशकात मांडलेला हा विचार इथे बाटलीत दिसला.

बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अमिताभ जोशी यांच्या प्रयोगशाळेने उलट टोक धरलं: दर पिढीत सर्वांत आधी निघणाऱ्या माशांचीच, तीही लहान वयातली अंडी पुढे न्यायची. पिढ्यांमागून वाढीचा काळ चांगलाच आखूड झाला. त्याची किंमतही दिसली: माशा बारक्या झाल्या आणि माशी होण्याआधीच मरणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

आणि तापमान? पार्ट्रिज यांच्या गटाने एकाच मुळातले गट काही वर्षं १६.५ आणि २५ अंशांत पाळले. मग दोन्ही गट एकाच तापमानात वाढवून पाहिले. थंडीत पिढ्या काढलेला वंश आकाराने मोठा निघाला, हे अपेक्षितच. पण तो वाढलाही जास्त भराभर. एका माशीला थंडी सावकाश वाढवते आणि थंडीत पिढ्या काढलेल्या वंशाला उत्क्रांती भराभर वाढणारा करते. थंडीत सगळ्यांचीच वाढ रेंगाळते, तेव्हा ज्या अळ्या त्यातल्या त्यात लवकर पुऱ्या होतात त्या पुढे जातात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उष्ण उत्तरेकडून थंड दक्षिणेकडे गोळा केलेल्या माशांतही हेच आढळलं. सुरुवातीला म्हटलेली गल्लत का महाग पडते, ते यात दिसतं. नुसत्या थंड बाटलीवरून निष्कर्ष काढला असता तर दिशाच चुकली असती.

रानात हे किती वेगाने घडू शकतं याचं उदाहरण सबऑब्स्क्युरा या जातीचं. ती युरोपातली. १९७८ मध्ये चिलीत आणि १९८२ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडली. दोनच दशकांत उत्तर अमेरिकेत, युरोपातल्यासारखाच, उत्तरेकडे जावं तसे पंख मोठे असा क्रम तयार झाला. पंखाचा जो भाग लांबला तो मात्र दोन खंडांत वेगळा होता. आपल्याकडे रोहतकच्या रवि प्रकाश आणि सहकाऱ्यांनी दक्षिणेपासून उत्तरेपर्यंतच्या माशा तपासल्या. उत्तरेकडच्या माशा कोरडेपणा जास्त सोसतात, दक्षिणेकडच्या उपासमार.

तुम्हाला निवडीचा प्रयोग करायचा असेल तर तीन गोष्टी आधीच ठरवा. प्रत्येक गटात निदान दोनशे माशा, नाहीतर भावाबहिणींच्या जुळण्याने वंश खालावतो आणि तुम्ही त्यालाच निवडीचा परिणाम समजता. प्रत्येक प्रकारचे निदान तीन गट, आणि तेवढेच बिननिवडीचे. आणि पिढ्या मोजा, महिने नव्हे: २५ अंशांत १४ दिवसांच्या चक्राने वर्षात २६ पिढ्या होतात, १८ अंशांत महिन्याचं चक्र धरलं तर बाराच.

मग शेवटची तुलना. सगळे गट दोन पिढ्या एकाच तापमानात, सारख्याच गर्दीत वाढवा, आणि तिसऱ्या पिढीत मोजा. दोन पिढ्या कशासाठी, तर आईचं तापमानही अंड्यात उतरतं. थंडीत वाढलेली मादी मोठी अंडी घालते. तो आईचा ठसा पुसला गेल्यावर जो फरक उरेल, तो वंशाचा.

वर्षभर निवड करणं जमणार नसेल तरी ही शेवटची पायरी एका सत्रात करता येते. पावसाळा ओसरला की महाबळेश्वरच्या बाजारातून आणि चिपळूणच्या बाजारातून माशा पकडा. एक जागा १३०० मीटरच्या वर, दुसरी जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि अंतर एका दिवसाच्या एसटीचं. प्रत्येक ठिकाणच्या निदान वीस माद्या वेगवेगळ्या बाटल्यांत घाला, जात पक्की करा, दोन पिढ्या २५ अंशांत काढा, मग ४० अंड्यांच्या नळ्या १८ आणि २५ ला लावा. नको असलेल्या माशा खिडकीतून सोडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. बाटल्यांवर ठिकाण, तारीख, मादीचा क्रमांक आणि पिढी पेन्सिलीने लिहा, कारण टेबल पुसताना अल्कोहोल सांडलं की पेनाची शाई जाते.